'खेळ आहे, उपयोग नाही' म्हणून ज्युदो बंद करणाऱ्या मुंबईतल्या शाळांना खुले पत्र

माननीय संचालक मंडळ सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

लालबाग-परळ भागातल्या एका शाळेने यंदा जूनमध्ये आपला ज्युदोचा वर्ग बंद केला. पालकांना जी सूचना गेली तिच्यात कारणही दिलं होतं. ज्युदो हा खेळ आहे, खेळाला नियम असतात, रस्त्यावरचा गुंड नियम पाळत नाही, म्हणून मुलींना यापुढे 'खऱ्या मारामारीत चालणारी' पद्धत शिकवली जाईल. तीन दिवसांची कार्यशाळा, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आणि स्नेहसंमेलनात कौलं फोडण्याचं प्रात्यक्षिक. शाळेचं नाव मी लिहीत नाही. इकडे दादरपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे मुलुंडपर्यंत असेच निर्णय होताना मी बघते आहे. एकाच शाळेला धारेवर धरून काही साधणार नाही, म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना.

तो वर्ग मी घेत होते. हे आधीच सांगते, म्हणजे 'हिचं पोट त्यावर आहे' असं नंतर कुणी म्हणायला नको. माझे बाकीचे वर्ग चालू आहेत. माझा जीव अडकला आहे तो त्या आठवी-नववीच्या मुलींमध्ये. माझे वडील सकाळी तालमीत आणि दुपारपाळीला गिरणीत जायचे. सातारा-कोल्हापूरकडून आलेल्या कामगारांनी गिरणगावात तालमी उभ्या केल्या, तेव्हा मुलींना कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेलाही उभं राहू देत नसत. आज त्याच वस्तीतल्या मुली मॅटवर एकमेकींना उचलून टाकतात, पडतात, उठतात आणि पुन्हा भिडतात. हे घडायला दोन पिढ्या गेल्या. ते एका सूचनेने थांबवलेलं मला गप्प बसून बघवत नाही.

कराटे, तायक्वांदो, क्राव मागा, बॉक्सिंग, कुस्ती, एमएमए (ठोसे-लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला मिश्र लढतीचा खेळ). यातलं खरं काय चालतं, हा प्रश्न मला पालक-सभेत हमखास विचारला जातो. तुमच्या बैठकांतही तोच विचारला जातो आणि जो क्लासवाला सर्वांत ठासून 'आमचं' म्हणतो त्याला काम मिळतं. माझं म्हणणं असं की स्टाईलचं नाव विचारून तुम्हाला कधीच खरं उत्तर मिळणार नाही. विचारायचं ते हे: समोरचा माणूस मनापासून विरोध करत असताना या मुलींनी सराव केला आहे का, आणि किती?

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार 'खेळ म्हणजे निरुपयोगी' या समजाबद्दल. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत ज्युदो सुरू केला तेव्हा जपानात जुजुत्सूच्या, म्हणजे तिथल्या जुन्या निःशस्त्र लढाईच्या विद्येच्या, कितीतरी शाखा होत्या. त्यांत ठोसे होते, लाथा होत्या, सांधे मोडण्याचे प्रकार होते. कानोंनी यातले जीवघेणे प्रकार मोकळ्या लढतीतून काढले आणि कातामध्ये, म्हणजे आधी ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, जपून ठेवले. फेकणं, दाबून धरणं, कोपराची पकड, गळा आवळणं एवढंच लढतीसाठी ठेवलं. वरवर पाहिलं तर त्यांनी आपली विद्या सौम्य केली. झालं उलटं. त्यांचे विद्यार्थी रोजच्या रोज पूर्ण ताकदीने एकमेकांशी लढू शकायला लागले. या मोकळ्या लढतीला ज्युदोत रांदोरी म्हणतात. डोळ्यात बोटं घालण्याचा सराव मैत्रिणीवर कुणीच करू शकत नाही, तो हवेतच करावा लागतो. हवेत केलेली गोष्ट घाबरलेल्या अवस्थेत, ताकदवान माणसाच्या पकडीत हाताला सुचेल याची हमी कोण देणार? खांद्यावरून फेकणं मात्र हजार वेळा, हजार प्रकारच्या अंगांवर, ती अंगं विरोध करत असताना करून बघता येतं.

आपल्या तालमींत वेगळं काय होतं? वस्ताद नवख्या पोराला ढाक, एकेरी पट असे कुस्तीचे डाव सांगतो, पण डाव सांगून झाला की लगेच जोड लावतो, म्हणजे दुसऱ्या पोराशी लढायला लावतो. मग पोराला कळतं की सांगितलेला डाव आणि बसलेला डाव यात किती अंतर असतं. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरहून निघून १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले ते याच सवयीवर. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तुमच्या शाळेच्या भिंतीवर त्यांचं चित्र असेल तर त्यांच्या विद्येला 'फक्त खेळ' म्हणताना थोडं थांबा.

क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचं नाव हल्ली फार घेतलं जातं, म्हणून तेही बोलते. ही पद्धत उभी करणारे इमी लिख्टेनफेल्ड हे ब्रातिस्लाव्हात वाढले, आणि तरुणपणी ते कुस्ती, बॉक्सिंग आणि जिम्नॅस्टिक्स खेळणारे स्पर्धक खेळाडू होते. १९३०च्या दशकात ज्यू वस्त्यांवर टोळ्या चालून यायच्या, तेव्हा ते रस्त्यावर उतरून लढले. रस्त्यावरची मारामारी आखाड्यातल्यासारखी नसते हे त्यांना तिथे कळलं, पण ते कळेपर्यंत कुस्ती आणि बॉक्सिंग त्यांच्या अंगात मुरलेली होती. तुमच्याकडे येणारी कार्यशाळा मुरण्याचा भाग गाळते आणि फक्त शेवटचं पान वाचून दाखवते.

दुसरी तक्रार, तुम्हाला विकल्या जाणाऱ्या इतिहासाबद्दल. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमएच्या व्यावसायिक मंचाची पहिली स्पर्धा झाली. वजनगट नव्हते. ब्राझिलियन जिउ-जित्सूचा रॉइस ग्रेसी, अंगाने किरकोळ, एका रात्रीत तिघांना हरवून जिंकला. त्यातला एक बॉक्सर तर एकाच हाताला ग्लोव्ह घालून आला होता. दुसऱ्या दिवसापासून जगभर बोलबाला झाला की जमिनीवरची विद्या अजिंक्य आहे. चार वर्षं गेली नाहीत तोच कुस्तीगिरांनी त्या मंचावर मांड ठोकली होती, आणि १९९७ला मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरने मार्क कोलमन या कुस्तीगिराकडून हेवीवेटचा किताब घेतला, कारण तोवर त्याने खाली पाडलं जाण्यापासून वाचायला आणि पडल्यावर उठायला शिकून घेतलं होतं. २००९ला शोतोकान कराटेवर वाढलेला ल्योतो माचिदा यूएफसीचा विजेता झाला. बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्य मिळवणारी रोंडा राउझी यूएफसीच्या महिलांमध्ये अजिंक्य वाटत होती, तिला २०१५ला मेलबर्नमध्ये हॉली होम या बॉक्सिंगमधून आलेल्या मुलीने डोक्यावर लाथ मारून आडवं केलं. यात एकाही स्टाईलचा झेंडा कायम वर राहिलेला नाही. टिकले ते लोक, जे स्वतःला न येणाऱ्या गोष्टीसमोर रोज सरावाला उभे राहिले.

नियमांनी सवयी कशा घडतात, हे मी माझ्या खेळापासूनच सांगते. ज्युदोत २०१०पासून पायाला हात घालून पाडणं टप्प्याटप्प्याने बंद झालं, त्यामुळे आजचा ज्युदो खेळाडू पाय धरून पाडणाऱ्या कुस्तीगिरासमोर गोंधळतो. आम्ही जाड कापडाच्या ड्रेसची कॉलर पकडतो, मुंबईच्या मे महिन्यात अंगात टी-शर्ट असतो आणि तो फाटून हातात येतो. म्हणून माझ्या वर्गात ड्रेसशिवायही, फक्त मनगट, मान आणि कमरेच्या पकडीवर सराव व्हायचा. ऑलिंपिक तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, म्हणून तिथल्या चांगल्या चांगल्या मुली हात खाली सोडून उभ्या राहतात. बॉक्सरचा हात ग्लोव्ह आणि पट्टीत सांभाळलेला असतो, उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं हाड आधी मोडतं. जिउ-जित्सूवाला पाठीवर पडून लढायला घाबरत नाही, पण डांबरी रस्त्यावर आणि समोर दोघेतिघे असताना पाठीवर पडणं म्हणजे जिवाशी खेळ.

कराटेचं उदाहरण थोडं सविस्तर देते, कारण या शहरात खूप मुलं कराटेत आहेत. ७ ऑगस्ट २०२१, तोक्यो ऑलिंपिक, पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत. सौदीचा तारेग हमेदी ४-१ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर बसली आणि गंजजादेह बेशुद्ध होऊन पडला. पंचांनी हमेदीला बाद केलं, कारण त्या स्पर्धेत प्रहार आवरता घ्यावा लागतो आणि हा आवरलेला नव्हता. स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेहला शुद्धीवर आल्यावर कळलं की सुवर्ण त्याचं आहे. त्या नियमांत तो निर्णय बरोबरच होता. पण जे मूल वर्षानुवर्षं फक्त आवरता प्रहार करतं, त्याच्या अंगाला पुरा प्रहार घेण्याची आणि देण्याची ओळखच होत नाही, हे पालकांना कुणी सांगत नाही. मासुतात्सु ओयामांनी सुरू केलेल्या क्योकुशिन या कराटेच्या शाखेत अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, पण हाताने तोंडावर मारत नाहीत, म्हणजे तिथेही एक खिडकी उघडी राहतेच. मी कराटेच्या विरोधात नाही. माझ्या ओळखीचे काही कराटे प्रशिक्षक आठवड्यातून एकदा हेडगार्ड चढवून मुलांना खरं लढायला लावतात आणि त्यांच्या मुली मला आवडतात. माझा विरोध आहे तो वर्षभर फक्त काता करून घेऊन त्याला स्वसंरक्षण म्हणण्याला.

तिसरी तक्रार, तीन दिवसांत काय शिकवलं जातं याबद्दल. मी अशा एका शिबिरात मागे उभी राहून पाहिलं. एक मुलगी दुसरीचं मनगट धरते, दुसरी अंगठ्याच्या बाजूने हात फिरवते, हात सुटतो, टाळ्या. धरणारीने हात सैल ठेवला होता, कारण तिला तसंच सांगितलं होतं. वर्गात माझ्याकडे हाच प्रकार वजनाने जड मुलीला 'सोडायचं नाही' असं बजावून करून घेतला की पहिल्या महिन्यात बहुतेकींचा हात सुटत नाही. चेहरा पडतो. मग त्या पाय हलवायला शिकतात, कंबर वळवायला शिकतात, मोकळ्या हाताचं कोपर पुढे आणायला शिकतात, आणि सुटल्यावर थांबून बघत न राहता पळायला शिकतात. हे तीन दिवसांत होत नाही.

चाकू हिसकावून घेण्याचा डाव तर कृपा करून बंद करा. अमेरिकेतले पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३मध्ये मांडलं होतं की चाकू घेतलेला सर्वसाधारण माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तेवढाच वेळ प्रशिक्षित पोलिसाला बंदूक काढून झाडायला लागतो. २१ फूट म्हणजे जवळपास दहा बाय दहाच्या दोन खोल्यांची लांबी. चौदा वर्षांच्या मुलीला रबरी चाकू वळवून काढायला शिकवायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं, यातून ती एक दिवस पळण्याऐवजी थांबेल. सोनसाखळी द्यावी, पर्स द्यावी, फोन द्यावा आणि पळावं, हे शिकवायला कोणतीच स्टाईल लागत नाही.

लाथांचंही तेच. संध्याकाळी दादरला महिलांच्या डब्यात चढून पाहा, दारात गुडघा उचलायला जागा नसते. तिथे उपयोगी पडतं ते पाय रोवून उभं राहणं, कोपर, आवाज आणि ढकलल्यावर नीट पडता येणं. मारामारीत जीव जातो तो पुष्कळदा ठोशाने जात नाही, पडताना डोकं फरशीवर आपटून जातो. हनुवटी छातीला, हाताचा तळवा आणि पूर्ण बाहू अंगापासून तिरका जमिनीवर आपटायचा, डोकं टेकवायचं नाही: ज्युदोत पहिले काही आठवडे आम्ही एवढंच घोटून घेतो. माझ्या एका विद्यार्थिनीला पावसात पुलाच्या पायरीवरून घसरल्यावर तेच कामी आलं. कौल फोडण्यातून यातलं काहीही मिळत नाही.

चौथी तक्रार सर्वांत गंभीर आहे. तुमच्या शिबिरातला हल्लेखोर नेहमी अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामाच्या ठिकाणचा माणूस. तिथे अडचण लाथ मारता न येण्याची नसते. तोंडातून शब्द फुटत नाही, ही असते. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. त्यांतल्या साधारण निम्म्या मुलींना एकूण बारा तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. प्रशिक्षणात होतं: धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना मनात उठणारा अडथळा ओलांडणं, ठामपणे बोलणं आणि थोडे शारीरिक डाव. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या मुलींमध्ये ९.८ टक्के होतं आणि प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये ५.२ टक्के. माझ्या मते मुंबईच्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर हे आकडे हवेत.

वर्गात आम्ही याचाही सराव करायचो. एक मुलगी 'काका' व्हायची, गोड बोलत खांद्यावर हात ठेवायची. दुसरीने मोठ्याने म्हणायचं, 'हात काढा.' मॅटवर स्वतःपेक्षा जड मुलीला फेकणाऱ्या पोरी हे दोन शब्द उच्चारताना लाजायच्या, हसायच्या, खाली बघायच्या. एक तर रडली. का, ते मी सगळ्यांसमोर विचारलं नाही, नंतर बाजूला बसून बोललो. कितीतरी आठवड्यांनी त्या मुलींचा आवाज हॉलबाहेर ऐकू जायला लागला. तो वर्ग 'प्रत्यक्षात उपयोगी नाही' असं सूचनेत लिहिणाऱ्याने एकदाही येऊन पाहिला नव्हता, याचं मला खरोखर दुःख आहे.

बेल्टबद्दल थोडक्यात. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंगची फी आणि नवा रंग, हा क्लासचा धंदा झाला आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेला ब्लॅक बेल्ट बांधला की त्याला आणि त्याच्या आईवडिलांना खोटा भरवसा मिळतो. शाळेच्या आवारात तरी हे चालू देऊ नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

बंद केलेले ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंगचे वर्ग पुन्हा सुरू करा, आणि जिथे कराटे किंवा तायक्वांदो आहे तिथे तेच राहू द्या, पण आठवड्यातून निदान एक तास संरक्षक साहित्यासह खऱ्या विरोधाचा सराव सक्तीचा करा. तीन दिवसांच्या शिबिराला 'स्वसंरक्षण प्रशिक्षण' असं नाव देऊ नका, ओळख-शिबिर म्हणा आणि प्रमाणपत्र देऊ नका. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतही मुलींच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाला तीन महिने धरले आहेत. निदान तेवढा वेळ तरी द्या. चाकू आणि पिस्तूल हिसकावण्याचे डाव शाळेतून काढून टाका.

प्रत्येक प्रशिक्षकाची पोलिस पडताळणी झालीच पाहिजे आणि मुलींच्या वर्गात एक शिक्षिका पूर्ण वेळ हजर हवी. हा अंगाला हात लावून शिकवण्याचा विषय आहे, इथे विश्वासावर काम चालवू नका.

भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४, म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क आणि त्याच्या मर्यादा, मुलांना सोप्या मराठीत एका तासिकेत समजावून सांगा. गरजेपुरतंच बळ वापरता येतं, पडलेल्या माणसाला तुडवता येत नाही, हे मुलग्यांनाही कळू दे. ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही म्हणण्याचा सराव मुलगे आणि मुली दोघांसाठी ठेवा. ११२ आणि १०३ हे मदतीचे फोन क्रमांक पाठ करून घ्या.

शेवटची मागणी सर्वांत सोपी आहे. कोणत्याही क्लासशी करार करण्याआधी त्या प्रशिक्षकाला तुमच्या हॉलमध्ये बोलवा, त्याचे सहा महिने शिकलेले दोन विद्यार्थी आणायला सांगा आणि एकाला दुसऱ्याला घट्ट धरून ठेवायला सांगा. पाच मिनिटं समोर बसून पाहा. स्टाईलचं नाव काय आहे ते नंतर विचारा. मी माझ्या मुलींना घेऊन तुमच्यापैकी कुणाकडेही, कोणत्याही शनिवारी, विनामूल्य यायला तयार आहे. कराटे, मुये थाई (थाई बॉक्सिंग), कुस्ती, क्राव मागा शिकवणाऱ्या इतरांनाही त्याच दिवशी बोलवा, म्हणजे तुलना तुमच्या डोळ्यांसमोर होईल. दिवाळीच्या सुट्टीआधी संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जो काही निर्णय होईल तो कारणांसह पालकांना लेखी कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
परळमधील एक ज्युदो प्रशिक्षक